जळगावला परत आलोय. पुणे नाही, जळगावच! अनुभव, तक्रारी, सल्ले सगळं चालेल

केळीपट्टा

नमस्कार मंडळी. परत येण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं पुणे, बंगळूर, हैदराबादचं असतं. कोणती सोसायटी, कोणती इंटरनॅशनल शाळा, हिंजवडीचं ट्रॅफिक. जळगाव-धुळे-नंदुरबारला थेट घरी आलेल्याचं कोणी लिहीतच नाही, म्हणून म्हटलं आपणच धागा काढावा. आम्ही श्टुटगार्टजवळ बरीच वर्षं काढून बायको, मुलगी आणि कंटेनरभर सामान घेऊन जळगावात आलोय. आई-आप्पा इथेच, यावल तालुक्यात थोडी केळी, आणि माझं काम लॅपटॉपवर होणारं. मग पुण्यात फ्लॅट घेऊन दर पंधरवड्याला रात्रीच्या गाडीत बसायचं कशाला, असा साधा हिशोब होता.

पहिलं सांगतो ते उन्हाळ्याचं, कारण बाकी सगळं नंतर. ४५ म्हणजे काय हे शरीर विसरतं, मेंदूला आठवत असतं फक्त. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून कूलर मस्त चालतो, एसीपेक्षा बरा वाटतो, पण कूलर पाणी पितो आणि नळाला पाणी रोज येत नाही, म्हणजे तुमचा उन्हाळा कसा जाणार हे कूलरच्या कंपनीवर नाही तर अंगणातली जमिनीखालची टाकी केवढी आहे त्यावर ठरतं. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, तेव्हा एसी लागतो. म्हणजे दोन्ही लागतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही, आंघोळ सकाळी सहाच्या आत उरकायची. आजोबांचं गावातलं मातीच्या सपाट छपराचं धाब्याचं घर आम्ही पाडून स्लॅब टाकला होता, त्याचा पश्चात्ताप सगळं खानदान दर मे महिन्यात सामुदायिकपणे करतं.

आता मुद्द्याचं. इथून गेलो तेव्हा मी जेमतेम इंजिनिअरिंग झालेला पोरगा होतो. घरपट्टी कुठे भरतात, नळाचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, गच्ची गळली तर कोणाला बोलवायचं, कोणाच्या दारावर कधी जायचं, सुतक फिटायच्या गंधमुक्तीला टॉवेल-टोपी आपण न्यायची की समोरच्यांनी द्यायची, हे सगळं आप्पा बघायचे. मोठा माणूस म्हणून, घर चालवणारा म्हणून मी या गावात कधी राहिलोच नव्हतो. त्यामुळे लोक ‘परत आला’ म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. तिकडे मला सगळं येत होतं, इन्शुरन्सवाल्यांना जर्मनमध्ये कडक पत्र लिहिण्यापर्यंत. आमच्या बिल्डिंगमध्ये जिना आणि फुटपाथ झाडायची पाळी आठवड्याला फिरायची, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी टांगलेली असायची, तेही अंगवळणी पडलं होतं. इथे मात्र मी नवशिका. आणि परदेशात नवशिक्याला चार लोक समजावून तरी सांगतात, इथे चेहरा ओळखीचा, आडनाव ओळखीचं, त्यामुळे कोणी काही सांगतच नाही, तुला माहीतच असेल असं धरून चालतात.

दुसरी गोष्ट वेळेची. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे माझी ड्युटी दुपारी सुरू होऊन रात्री नऊ-साडेनऊला संपते. सकाळी मी घरात दिसतो म्हणून गल्लीत आधी बातमी पसरली की याची नोकरी गेली. मग कोणीतरी सांगितलं की नाही, कम्प्युटरवर करतो काहीतरी. तेव्हापासून सकाळ म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. ‘घरीच तर आहेस, जरा भुसावळला सोडतो का’, ‘घरीच तर आहेस, साखरपुड्याला आप्पांच्या ऐवजी तूच जा’.

अजून बरंच आहे, केळीचं, मुलीच्या शाळेचं, पण आधी तुमचं ऐकतो. आपल्या भागात परत आलेलं कोणी आहे का इथे?

शेवभाजी_तिखट

कवय उना भो, सांगं बी नई!

पांझराकाठचा_नाना

आहे ना. मी धुळ्याचा, आखातात होतो, आधी दम्माम मग मस्कत. तुमच्यात आणि आमच्यात एक फरक सांगतो. तुम्ही युरोप-अमेरिकावाले ‘परत जाऊ का नको’ करत वर्षं काढता, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की जायचंय. नोकरी संपली की व्हिसा संपला, कफीलने, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाने, सही केली की बॅग भर. त्यामुळे आम्ही तिकडे घर कधी मांडतच नाही. पलंग, टीव्ही, रूममेट आणि घरी पैसे पाठवल्याच्या पावत्या, बस. सगळं घर इथे, फक्त आपण त्यात नसतो.

आणि मग आलो की काय होतं, की घर आपल्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. बायको बँक, दवाखाना, शाळा, शेती, सगळं एकटीने करत होती. मी आलो आणि प्रत्येक गोष्टीत ‘हे असं का?’ विचारायला लागलो. तिने फार दिवस ऐकून घेतलं नाही. बरोबरच होतं तिचं.

पैशाचं एक सांगतो, नवीन येणाऱ्याने लिहून ठेवावं. आखातातून आलेल्या माणसाच्या दारात पहिल्या वर्षी तीन जण येतात, प्लॉटवाला, भागीदारी मागणारा आणि उसने मागणारा. तिघेही नात्यातलेच असतात. पहिलं वर्ष कोणालाच हो म्हणू नका. पैसे एफडीत अडकलेत म्हणायचं, आणि खरंच अडकवून ठेवायचे, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होत नाही.

बाकी जळगावपेक्षा धुळं बरं. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर दोन्ही हायवे आमच्याकडे येऊन मिळतात, गावाचे रस्ते सरळ, आणि हिवाळ्यात थंडी म्हणजे थंडी.

शेवभाजी_तिखट

नाना सुरू झाले 😄 धागा कोणताही असो, धुळं मधी आनतसच.

हिशोबनीस

केळीपट्टा, अनुभव छान लिहिलाय. मी रुक्ष माणूस, हिशोबाचं सांगतो कारण याच गोष्टी पहिल्या वर्षी राहून जातात.

परत कायमचं आल्यावर एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची बँक खाती, तशीच चालू ठेवता येत नाहीत, बँकेला कळवून ती निवासी खाती करून घ्यायची. बरेच लोक ‘इन्कम टॅक्सला मी अजून एनआरआय आहे’ म्हणून थांबतात, पण खात्यांना फेमा, म्हणजे परकी चलनाचा कायदा, लागू होतो आणि तिथे तुम्ही राहायच्या इराद्याने आलात की निवासी. एफसीएनआरची, म्हणजे अनिवासी असताना परकी चलनात ठेवलेली, ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठेवता येते. परकी चलनच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं उघडता येतं, त्याची चौकशी करा. लहान शाखेत कोणाला माहीत नसेल तर मोठ्या शाखेत जा, भांडत बसू नका.

टॅक्समध्ये मधली एक पायरी आहे, आरएनओआर, म्हणजे निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला. मागच्या १० पैकी ९ आर्थिक वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर ही पायरी मिळते. साधारण दोन वर्षं, कोणाला तीन. या काळात तिकडच्या एफडीचं व्याज, तिकडच्या घराचं भाडं इथे टॅक्सेबल नसतं आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. ही पायरी संपल्यावर मात्र तो भरावाच लागतो, आणि न भरल्याचा दंड साधासुधा नाही.

पण केळीपट्टा, तुमच्यासारख्यांसाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. काम जळगावात बसून करताय ना, मग पगार युरोमध्ये आला, जर्मनीतल्या खात्यात आला तरी तो इथेच कमावलेला धरतात, आरएनओआर असलात तरी. अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरत चला.

जर्मनीत पेन्शनचे ६० महिने भरले असतील तर हक्क तयार झालाय. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे वय झाल्यावर इथे राहूनही ते घेता येतं. कागद जपून ठेवा.

केळीपट्टा

हिशोबनीस साहेब, प्रिंट काढून आप्पांच्या लोखंडी कपाटात ठेवली. धन्यवाद! अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं भरतोय.

सूनबाई_भुसावळ

सगळं वाचलं. छान आहे. आता माझं ऐका.

मी पुण्याची. लग्न करून न्यू जर्सीला, आणि तिथून थेट भुसावळला, कारण नवऱ्याचं गाव. लोक मलाही विचारतात ‘परत येऊन कसं वाटतंय?’ अहो मी परत कुठे आले, मी तर पहिल्यांदाच येतेय! पुण्याला परत आले असते तर ते माझं परतणं झालं असतं. केळीपट्टा म्हणतात ना की चेहरा ओळखीचा म्हणून कोणी समजावून सांगत नाही, तर माझं उलट. मला प्रत्येक जण समजावून सांगतो. पापड कसे वाळवायचे, कोणत्या काकूंना आधी नमस्कार करायचा, डोक्यावर पदर कोणासमोर, गाऊनवर दूधवाल्यासमोर जायचं नाही.

न्यू जर्सीत मी एकटी गाडी काढून कुठेही जायचे. इथे स्कूटीची चावी हातात घेतली की तीन दिशांनी प्रश्न, ‘कुठे?’ तो प्रश्न वाईट हेतूने नसतो हे मला आता कळलंय, इथे ‘कुठे’ म्हणजे ‘कशी आहेस’ सारखंच आहे, पण कळायला वेळ गेला आणि त्या वेळात माझी चिडचिड भरपूर झाली.

चांगलं पण सांगते, नाहीतर म्हणाल पुणेकर नाकं मुरडतात. रेल्वेचं गाव असल्यामुळे भुसावळमध्ये कुठकुठचे लोक आहेत. शेजारी तेलुगू, मागे बिहारचे, समोर दोन पिढ्या इथेच असलेले केरळचे. बाहेरची असणं इथे फार मोठी गोष्ट नाही. आणि कुठेही जायला गाडी मिळते. मी महिन्यातून एकदा आईकडे जाते, ते ठरवूनच घेतलंय, विचारत नाही, सांगते.

केळीपट्टा, एक विचारू? तुमच्या पोस्टमध्ये ‘आम्ही आलोय’ आहे, ‘साधा हिशोब होता’ आहे. तो हिशोब बायकोने केला होता का?

शेवभाजी_तिखट

🍿

केळीपट्टा

सूनबाई, रास्त प्रश्न. तीच उत्तर देईल, मी तिला लॉगिन देतो. तोपर्यंत मी केळीचं लिहून टाकतो.

तिकडे सुपरमार्केटात केळ्यावर स्टिकर असायचा, इक्वेडोर नाहीतर कोलंबिया नाहीतर कोस्टा रिका. मी दर वेळी स्टिकर वाचायचो आणि आप्पांना फोनवर भाव सांगायचो, आणि आप्पा त्याला क्विंटलने गुणून गप्प व्हायचे. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तिकडे मीच पेढे वाटले होते, ऑफिसातल्या जर्मनांना काही कळलं नाही, पेढे मात्र संपले. आता आलोय तर आप्पांना वाटतं मी बाग बघणार. मला सीएनसी मशीन कळतं, केळीवरचा करपा रोग कळत नाही. थंडीत पानं का पिवळी पडली, खत ड्रिपमधून किती सोडायचं, बऱ्हाणपूरचा भाव आज काय निघाला आणि व्यापारी त्याच्या खाली का मागतोय, हे सगळं ते मला दहावीतल्या पोराला शिकवावं तसं शिकवतात आणि मी वहीत लिहितो. मे-जूनमध्ये वादळ आलं तेव्हा शेजारच्या शिवारात घड लागलेली झाडं आडवी झाली. आप्पा बांधावर उभे राहून फक्त ‘हंऽऽ’ म्हणाले आणि पुढे चालायला लागले. मला ते जमणार नाही. मी एक्सेल काढलं असतं.

इथलाच

मी कुठेच गेलो नाही. जन्म जळगाव, शाळा जळगाव, दाणाबाजारात धंदा. तुमच्या सगळ्यांचं वाचून दोन गोष्टी बोलाव्याशा वाटतात, राग मानू नका.

एक, तुम्ही लोक आलात की रिंगरोड, महाबळ बाजूच्या प्लॉटचे भाव आमच्या हाताबाहेर जातात. तुम्ही युरोचा गुणाकार करता, आम्ही डाळीच्या पोत्याचा. असो, त्यात तुमचा दोष नाही म्हणा.

दोन, तुम्ही नव्हता तेव्हा तुमचे आई-वडील काही हवेत राहत नव्हते. माझ्या शेजारी एक काका-काकू आहेत, दोन्ही पोरं बाहेर. काकांना रात्री त्रास झाला तेव्हा गाडी मी काढली, डिपॉझिट समोरच्या मेडिकलवाल्याने भरलं, काकूंजवळ माझी आई थांबली. पोराने सकाळी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना थँक्यू म्हटलं, पैसे लगेच पाठवले, चांगला पोरगा आहे. पण आता तो परत आलाय आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्हाला सांगतो की कचरा वेगळा कसा करावा. अरे भो, सांग ना, बरोबरच सांगतोय, पण आधी जरा बस, चहा पी, कोणाच्या घरी काय झालं विचार. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही इथे काय काय काढलंय ते तुम्हाला माहीत नसतं. सारखं ‘आमच्याकडे तिकडे’ म्हणता, ते ‘आमच्याकडे’ ऐकून कानाला कसंतरी होतं.

बाकी मेहरूण तलावावर या सकाळी, आम्ही सहाला असतो.

केळीपट्टा

येतो. आणि आप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी धावपळ करणाऱ्या शेजाऱ्यांची यादी मला आईने आल्या आल्या तोंडपाठ करायला लावली होती, त्यामुळे तुमचा मुद्दा पोचला.

बापू_अमळनेरकर

माझे वय झाले आहे, टायपिंग नातीकडून करून घेतो आहे, चुका असल्यास तिच्या.

माझा मुलगा अमेरिकेतून आला, अमळनेरला आमच्याजवळ राहिला आणि मग पुण्यास गेला. लोकांना वाटते भांडण झाले. भांडण झाले नाही. टीव्हीचा आवाज, संध्याकाळी आठला जेवण की साडेनऊला, पाहुणे न कळवता येणे, सुनेच्या खोलीचे दार लावणे, अशा बारीक गोष्टी होत्या. प्रत्येक गोष्ट एकट्याने पाहिली तर हसण्यासारखी. आमच्याही सवयी पक्क्या झाल्या होत्या हो. ते बाहेर होते त्या वर्षांत आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी आमच्या तऱ्हेने राहायला लागलो होतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही कळले नाही. सगळे म्हणतात मुलगा बदलून येतो. आई-बापही बदललेले असतात.

आमचे गाव लहान असले तरी बाहेर जाण्याची रीत जुनी आहे. १९४५ साली येथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली तीच पुढे विप्रो झाली, आणि तेव्हा शेअर घेऊन विसरून गेलेल्या घरांची पोरे शिकायला कुठच्या कुठे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे ९७ वे साहित्य संमेलन भरले तेव्हा मुलगा सुट्टी काढून आला, माझ्यासोबत मांडवात बसला. पाहुणा म्हणून आला की आमचे फार छान जमते.

सल्ला द्यायचा तर एवढाच की त्याच गावात राहा पण घर वेगळे घ्या. चालत पाच-दहा मिनिटांवर. सुरुवातीला लोक नावे ठेवतील. लोकांना तेवढेच काम असते.

पांझराकाठचा_नाना

बापू, हे सोन्यासारखं बोललात. आम्ही वरचा मजला घेतला, जिना बाहेरून.

तापीकाठ

मी अजून बाहेरच आहे, टेक्सास. मूळचा शहाद्याचा. धागा वाचून हिंमत येतेय आणि जातेय पण. मोठा मुलगा चौदाचा, जन्म इथला, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड आहे. तो म्हणतो डॉक्टर व्हायचं. परत आलो तर त्याचं काय? आणि दुसरं, नंदुरबार जिल्ह्यात थोडी शेतजमीन घ्यायची इच्छा आहे.

हिशोबनीस

तापीकाठ, दोन्हीत अडचणी आहेत, आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलांना मेडिकलची नीट परीक्षा देता येते पण प्रवेश एनआरआय कोट्यातल्या किंवा अधिकच्या जागांवरच, फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही. मात्र ज्यांचं कार्ड त्या तारखेच्या आधीचं आहे त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये जुनी सवलत कायम ठेवली. म्हणून आधी कार्डावरची तारीख बघा, मग बाकी चर्चा.

शेतजमीन एनआरआय किंवा ओसीआय माणसाला विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. परत येऊन निवासी झालात आणि पासपोर्ट भारतीय असेल तरी महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणजे सातबारावर तुमचं किंवा घराण्याचं नाव असल्याचा पुरावा लागतो. शहाद्याला वडिलोपार्जित असेल तर आजच वारस नोंद बघून घ्या, काका लोकांशी बोलणं चालू आहे तोपर्यंत.

तापीकाठ

कार्ड २०१४ चं आहे! आणि काका लोकांशी बोलणं… बघतो.

केळीपट्टा

नमस्कार, मी केळीपट्टा यांची बायको, त्यांच्याच नावाने लिहितेय.

सूनबाई, हिशोब दोघांनी केला होता, पण आकडे वेगवेगळे होते. माझं माहेर चोपडा, इथून दीड-दोन तासावर, त्यामुळे माझ्यासाठीही हे थोडंफार परतणंच आहे, तुमच्याइतकं अवघड नाही. पण मी तिकडे बालवाडीत नोकरी करत होते. जर्मनमधून कोर्स करून, परीक्षा देऊन मिळवलेली. इथे त्या कागदाला कोणी विचारत नाही. यांचं काम यांच्यासोबत विमानात बसून आलं, माझं तिकडेच राहिलं. हा हिशोब यांनी वरच्या पोस्टमध्ये लिहिलेला नाही, तर मी लिहिते.

घरातलं एक सांगते. तिकडे भांडी हे घासायचे, स्वयंपाक मी. इथे यांनी पहिल्यांदा भांडी घासायला घेतली तर सासूबाई इतक्या दुखावल्या की दिवसभर बोलल्या नाहीत, त्यांना वाटलं मी घासायला लावली. आता हे रात्री मीटिंग संपल्यावर गपचूप घासतात आणि सकाळी सासूबाई म्हणतात बाई चांगली आहे, रात्रीच करून जाते 😄 त्यांना माहीत आहे सगळं, पण असं म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते.

मुलीचं म्हणाल तर ती तिकडे पहिलीपासून मैत्रिणींसोबत चालत शाळेत जायची, तिथे सगळीच जातात. इथे रिक्षात कोंबून. त्याचा मला रोज त्रास होतो, तिला होत नाही, तिला रिक्षावाले काका आवडतात. मराठी बोलायची पण वाचायला अडायची. शाळा इंग्लिश मीडियम असली तरी २०२० च्या कायद्याने आता सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे पळवाट नाही, आणि ते बरंच झालं. बोलायला मात्र ती पुस्तकातलं मराठी शिकली नाही. आजीकडून शिकली. परवा बाईंना म्हणाली, ‘मी घरीच जाई रायली होती ना!’ बाई हसल्या, सासूबाईंनी दृष्ट काढली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही चोपड्याला गेलो. गौराई, झोके, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. मुलगी झोक्यावरून उतरायला तयार नव्हती. ते चार दिवस मला वाटलं की बरं केलं आलो. पाचव्या दिवशी परत आलो तर पाणी संपलेलं आणि बाईची दांडी.

मी इथे काहीतरी सुरू करणार आहे लहान मुलांसाठी. जागा बघतेय. कोणाला गणेश कॉलनी, महाबळ भागात तळमजल्याची, अंगण असलेली जागा माहीत असेल तर सांगा, भाडं रास्त सांगा, ‘जर्मनीवाले’ म्हणून वाढवू नका.

सूनबाई_भुसावळ

वहिनी, टाळ्या! जागा मिळाली की कळवा, मी यायला तयार आहे आठवड्यातून दोन दिवस, भुसावळ-जळगाव काय, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. मुलांना इंग्लिश गोष्टी सांगेन, भुसावळचं मराठी तुम्ही शिकवा.

इथलाच

जागेचं बघतो. ओळखीच्यांचं एक जुनं घर आहे, पुढे कडुलिंब आहे. भाडं मी बोलतो, तुम्ही मध्ये पडू नका, तुमचा आवाज ऐकला की डबल होईल.

केळीपट्टा

आता मीच आहे. मंडळी, भांड्यांची गोष्ट जगजाहीर झाली. असो.

दोन छोटे प्रश्न राहिलेत. माझं भारतातलं लायसन्स संपून बरीच वर्षं झाली. आणि गच्चीवर यंदा काय मारावं?

हिशोबनीस

लायसन्स संपून एक वर्षाच्या वर झालं असेल तर नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. इथे स्टेअरिंग उजवीकडे असतं हे लक्षात असू द्या. आई-वडिलांच्या हेल्थ इन्शुरन्सचंही आताच बघा, आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांची थांबण्याची मुदत लावतात, ती जितकी लवकर सुरू होईल तितकी लवकर संपते.

इथलाच

गच्चीला महागाचा पेंट नको. चुना भिजवा, त्यात डिंकवाला गम मिसळा, दोन हात मारा, मार्च उजाडायच्या आत. पावसात धुऊन जाईल, पुढच्या वर्षी परत मारा. खालची खोली लगेच फरक दाखवते. पश्चिमेच्या भिंतीला हिरवी नेट लावा, दिसायला कशी का दिसेना.

शेवभाजी_तिखट

एवढा मोठा धागा झाला आणि खायचं कोणी काढलं नाही, लाज वाटायला पाहिजे खान्देशी म्हणवायला. डिसेंबरात भरीत पार्टी करू. केळीपट्टाच्या मळ्यात. बामणोदची वांगी मी आणतो, कपाशीच्या काड्या मळ्यातच मिळतील, भरीत ठेचायची लाकडी बडगी आमच्या काकांकडे आहे. मिरची हिरवी आणि मोजायची नाही. कळण्याच्या भाकरी कोण करतंय ते सांगा, नाहीतर पुऱ्या. धुळेकरांना पण बोलावू, नानांनी आग्रा रोडबद्दल बोलायचं नाही या अटीवर.

पांझराकाठचा_नाना

येतो. अट मान्य नाही.

सूनबाई_भुसावळ

बायकांना भाकरी थापायला बोलावणार असाल तर मी गावाला गेलेय. खायला बोलावणार असाल तर आम्ही चार जण.

शेवभाजी_तिखट

खायलेच या ताई. भाकरी नाना थापतीन, मस्कतले शिकेल शेत ते.